‘ताक’ आणि ‘टाक’ ओळखणारे कान

साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात मराठीच्या कितीतरी तऱ्हा कानावर येतात. घरात आजीची इथली बोली, रस्त्यावर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगारांची. या गलबल्यात झोळीतलं सहा महिन्यांचं बाळ गप्प पडून असतं. पण त्याचं केवढं काम चाललेलं असतं!

‘ताक’ आणि ‘टाक’ घ्या. जीभ दाताला लागली की त, वर टाळूकडे वळली की ट. आपल्याला यात अवघड काही वाटत नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हा फरक ऐकूच येणं मुश्कील. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात हिंदीतले हेच त आणि ट इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी ते वेगळे ओळखले. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता जवळपास मावळली होती. म्हणजे जन्मलेलं मूल जगातल्या कुठल्याही भाषेसाठी तयार असतं, आणि वर्षभरात घरच्या भाषेसाठी कान घडवून घेतं. पहिला शब्द फुटायच्या आधीच!

त्याहून नवल पुढं आहे. बोलताना आपण शब्दाशब्दांत थांबत नाही, मग कुठला शब्द कुठं संपला हे बाळाला कळतं कसं? १९९६ साली अमेरिकेत आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग रांग ऐकवली गेली. कोणती अक्षरं नेहमी एकापाठोपाठ येतात, हे त्यांनी अवघ्या दोन मिनिटांत हेरलं.

आपणही नकळत त्यांना मदत करतो. भूभू, चिऊ, मंमं, भुर्र असे छोटे, कधी दुहेरी शब्द, लाडिक आणि लांबवलेला सूर. या बाळबोलीवर भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतली बाळबोली ताडून पाहिली, त्यात अरबी, स्पॅनिश, इंग्रजीच्या बरोबरीनं मराठी होती. शब्द वेगळे, पण घडण सगळीकडे बरीचशी सारखी.

मग घरच्यांनी काय करावं? बाळाशी बोलावं आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. गोठ्यात वैरण टाकताना, बराखीतला कांदा निवडताना हातातलं काम त्याला सांगत राहावं. ते ‘भूभू’ म्हणालं, तर ‘हो, काळा भूभू पळाला’ म्हणून त्याचा एक शब्द वाढवून परत द्यावा. ‘मी करलं’ म्हणालं तर हसू नये. ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकून नियम त्यानं स्वतः शोधलाय! ‘हो, तू केलंस’ एवढं म्हणणं पुरे. आजीनं बोली बदलायची गरज नाही. दोन तऱ्हांची मराठी मूल सहज पेलतं.

मोबाइलवरची गाणी मात्र माणसाची जागा घेत नाहीत. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी शिकली. तेच पडद्यावरून दाखवलं, तेव्हा काहीच शिकली नाहीत. बाळ जिथं बोट दाखवतं तिकडं पडदा पाहत नाही.

प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. पण वर्षाचं होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊनही ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. डॉक्टरांना दाखवावं, कान तपासून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, ऐकण्यातला दोष आणि बोलण्यातला उशीर दोन्ही त्यांच्या तपासणीत आहेत. दोष लवकर कळला तर उपायही लवकर सुरू होतो, आणि कान घडण्याचा हा मोलाचा काळ हातचा जात नाही.