दान तीच, वेग वेगळा

धानाची कापणी उरकली, बांध्या मोकळ्या झाल्या, की झाडीपट्टीत पटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस सुरू होतात. चौकाचौकांत ‘भव्य इनामी शंकरपट’ असे फलक लागतात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांचा हिवाळा. देसाईगंजहून, म्हणजे लोकांच्या तोंडच्या वडशाहून, नाटक मंडळ्यांच्या गाड्या याच दिवसांत गावोगाव फिरतात.

गेल्या हंगामात अशाच एका पटात मी निशाणाच्या पुढे, दान संपते तिथे उभा होतो. पटाच्या धावपट्टीला आमच्याकडे दान म्हणतात. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटल्या, बघता बघता निशाण ओलांडले आणि त्यातली एक थांबेचना. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, मागे रेलून कासरा खेचत होता, तरी जोडी गर्दी फोडत पार पुढच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, गेली. माणसे वेळेवर बाजूला झाली म्हणून कुणाला लागले नाही. शेजारचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “पयले येवढ्या जागेत जोडी थांबे जी. आता थांबत नाई.”

हे वाक्य मला महिनाभर सोडेना. मोटार शर्यतींच्या जगात हाच प्रश्न गेली साठ-सत्तर वर्षे विचारला जातो आहे. जुन्या काळच्या वाहनांसाठी आखलेली धाव आजच्या वाहनाला पुरते का? मोनॅको, मोन्झा, स्पा ही युरोपातली नावे क्रीडा पानावर वाचून आपल्याला माहीत असतात. त्या मैदानांवर जे घडले ते नीट समजून घेतले, तर आपल्या दानीकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल असे मला वाटते.

आधी थोडा हिशेब. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारी जागा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग दीडपट झाला तर जागा सव्वादोनपट लागते. मोटार असो की छकडा, यातून सुटका नाही. त्यामुळे वेग थोडासाच वाढला असे डोळ्यांना वाटते, पण मैदान मात्र फारच तोकडे पडलेले असते. धाव मोजताना आपण सुटण्यापासून निशाणापर्यंत मोजतो. धोका बहुतेक वेळा निशाणाच्या पुढे आणि वळणाच्या बाहेर असतो.

इंग्लंडमधले ब्रुकलँड्स १९०७ चे. खास मोटार शर्यतीसाठी बांधलेल्या पहिल्या मैदानांपैकी ते एक. मोन्झा १९२२ चे, जर्मनीतले न्यूरबर्गरिंग १९२७ चे, मोनॅकोची शर्यत १९२९ पासूनची. बेल्जियममधले स्पा तर मुळात मैदान नव्हतेच. तीन गावांना जोडणारे नेहमीचे डांबरी रस्ते शर्यतीपुरते बंद करायचे आणि चौदा किलोमीटरचा फेरा मारायचा. कडेला शेतकऱ्यांची घरे, तारेचे खांब, झाडे. सुरुवातीच्या मोटारींना ते चालून गेले. १९७० साली पेद्रो रॉड्रिगेझने तिथली शर्यत जिंकली तेव्हा सरासरी वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. सरासरी, म्हणजे वळणांसकट! घरे आणि खांब मात्र होते तिथेच होते.

त्याच्या चार वर्षे आधी, १९६६ मध्ये, जॅकी स्टुअर्टची मोटार याच स्पावर पावसात घसरली. स्टिअरिंगखाली त्याचे पाय अडकले आणि पेट्रोल अंगावर गळत होते. ना रुग्णवाहिका जवळ, ना हत्यारे. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट हे दोघे स्पर्धक धावून आले आणि एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्यांनी त्याला बाहेर काढले. जगातली मोठी शर्यत, आणि जीव वाचला तो बघ्याच्या पान्यामुळे. पुढे स्टुअर्टने मैदानांच्या सुरक्षिततेसाठी आयुष्यभर भांडण मांडले. अनेकांनी त्याला भित्रा म्हटले. तीनदा जगज्जेता झालेल्या माणसाला! शेवटी १९७० नंतर फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या मालिकेने ते जुने स्पा सोडले. सात किलोमीटरचा नवा, आखूड फेरा तयार झाल्यावर १९८३ मध्ये ती परतली.

न्यूरबर्गरिंगची अडचण निराळी होती. जंगलातून जाणारा जवळपास २३ किलोमीटरचा तो फेरा इतका लांब होता की कुठे अपघात झाला तर मदत पोचेपर्यंत उशीर व्हायचा. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडाची मोटार पेटली तेव्हा त्यालाही सोबतच्या स्पर्धकांनीच ओढून काढले. त्यानंतर फॉर्म्युला वन त्या फेऱ्यावर पुन्हा धावली नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. दवाखाना लांब असला की साधी दुखापतही मोठी होते, हे आपण पिढ्यान् पिढ्या अनुभवतो.

मोन्झाची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती झाडांची गोष्ट आहे. हे मैदान एका जुन्या राजेशाही उद्यानात आहे. चहूकडे मोठे वृक्ष. वळणाबाहेर मोकळी जागा वाढवायची तर झाडे तोडावी लागतात, आणि तिथल्या लोकांनी झाडांसाठी वाद घातले. मग उपाय काय? १९७२ पासून सरळ रस्त्यावर मुद्दाम आडवी वळणे घातली, म्हणजे मोटार आधीच मंदावते. भिंतीसारखे तिरके चढवलेले जुने उंच वळण १९६१ नंतर फॉर्म्युला वनने वापरले नाही. ते आजही झाडांत उभे आहे. जागा वाढत नसेल तर वेग कमी करायचा, हा मार्ग मोन्झाने धरला. गंमत अशी की २०२५ मध्ये याच मैदानावर मॅक्स व्हर्स्टापेनने सरासरी ताशी २५० किलोमीटरने शर्यत जिंकली आणि ती फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सर्वांत वेगवान शर्यत ठरली. म्हणजे जुने मैदान निकामी झालेले नाही. वेगाला कुठे वाव द्यायचा आणि कुठे आवरायचे, हे त्याने ठरवून घेतले आहे.

मोनॅकोला हे जमलेले नाही. शहराच्या गल्ल्यांतून जाणारी ती शर्यत पाहायला अजूनही डोळे लावून बसावे असे वाटते, हे मी मान्य करतो. पण आजची मोटार दोन मीटरच्या आसपास रुंद आणि पाच मीटरहून कितीतरी लांब. एकीला दुसरीच्या शेजारी घुसायलाच जागा नाही. २०२४ साली तिथे पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने संपले. २०२५ मध्ये चाके बदलायला दोनदा थांबण्याची सक्ती करून पाहिली, तरी फार फरक पडला नाही. माणूस मरत नाही, पण शर्यतही होत नाही. माझ्या मते मोनॅकोचा रस्ता आजच्या मोटारीला पुरत नाही. मोटार लहान करणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

नवे म्हणजे योग्य असेही नाही. नोएडाजवळचे बुद्ध सर्किट अगदी आजच्या मोटारींच्या मापाने बांधलेले. २०११ ते २०१३ अशा तीनच वेळा तिथे फॉर्म्युला वन धावली, आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन फेटल जिंकला. उलट मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर देशातल्या मोटार शर्यतींच्या कित्येक पिढ्या घडल्या.

आता आपल्या दानीकडे येऊ. पूर्वी पटात धावणारी जोडी बहुधा शेतातलीच असे. आदल्या आठवड्यात चिखलणीचे नव्हे तरी धान वाहण्याचे काम केलेले बैल गावच्या पडीत जागेवर किंवा कापणी झालेल्या बांधीत धावत. आज नांगरणी ट्रॅक्टर करतो, आणि पटाची जोडी केवळ पटासाठी पोसली जाते. शेजारच्या जिल्ह्यांतून, मध्य प्रदेशातून जोड्या येतात. छकडा हलका झाला, वेळ सेकंदाच्या अंशात मोजली जाते. फॉर्म्युला वनची मोटार रस्त्यावरच्या मोटारीपासून जशी दूर गेली, तशी पटाची जोडी शेतातल्या जोडीपासून दूर गेली. दान मात्र आजोबांनी आखलेली.

मधे बंदीची वर्षे गेली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या वर्षांत कित्येक ठिकाणी दानीवर नांगर फिरला. पट परत आले तेव्हा मिळेल त्या जागेत, घाईने आखले गेले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची तपासणी लागते, बैलाला मारणे-टोचणे चालत नाही, धाव १,००० मीटरपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. हे सगळे योग्यच आहे. पण निशाणाच्या पुढची जागा जोवर कुणी फीत लावून मोजत नाही, तोवर त्या म्हाताऱ्यांची तक्रार तशीच राहणार.

जागा वाढवणेही आमच्याकडे सोपे नाही. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाने व्यापलेला. गावालगतचे झुडपी जंगल हे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. म्हणजे मैदानाच्या कडेला झुडपी लागत असेल तर ती साफ करून दान लांबवण्याचा विचारही करू नये. मोन्झासारखेच आपल्यालाही झाडे राखून शर्यत राखायची आहे.

उपाय आपल्याच राज्यात सापडतो. पुणे जिल्ह्यातले बैलगाडा घाट चढाचे असतात. शेवटाकडे चढ आला की बैल आपसूक मंदावतो, कासऱ्याला झटका द्यावा लागत नाही आणि वेसणीला ताण बसत नाही. झाडीपट्टीची जमीन सपाट, तरी निशाणानंतर मातीचा हलका चढ घालणे अवघड नाही. जागा नसेलच, तर निशाण अलीकडे घ्यावे आणि धाव आखूड करावी. न थांबणाऱ्या लांब धावेपेक्षा आखूड धाव कितीही बरी. दोन दानींमधले अंतर वाढवावे. निशाणाच्या पुढे धुरा, दगड, मांडव किंवा माणूस, काहीही नसावे. मी तर म्हणेन, धाव जेवढी, त्याच्या निदान निम्मी जागा थांबण्यासाठी मोकळी हवी. जनावरांचे डॉक्टर आणि अनुभवी धुरकरी यांनी मिळून ही जागा पटाच्या आदल्या दिवशी चालून पाहावी.

पट समित्यांमधल्या मंडळींना एवढीच विनंती. या हंगामात मांडवाचे खांब रोवण्याआधी फीत घेऊन निशाणापाशी जा आणि तिथून पुढे मोजायला सुरुवात करा.