सुपीरियरची प्रदक्षिणा

उत्तर अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. त्यामुळे लेक सुपीरियरभोवती फिरायचं तर प्रदक्षिणेच्या दिशेनेच निघावं. पाणी सतत उजव्या हाताला राहतं आणि बघण्यासारखं काही दिसलं की समोरून येणाऱ्या ट्रकांना आडवं न जाता गाडी कडेला घेता येते. एकट्याने गाडी चालवणाऱ्याला ही सोय मोठी वाटते, कारण ‘जरा बघ, मागून काही येतंय का’ असं विचारायला शेजारी कुणी नसतं.

पूर्ण फेरी साधारण २,१०० किलोमीटरची. जवळपास ८२,००० चौरस किलोमीटरचं हे सरोवर पसाऱ्याने गोड्या पाण्याच्या सगळ्या सरोवरांत पहिलं आहे आणि सर्वांत खोल जागी ते ४०६ मीटर खाली जातं. आपल्या हिशेबात सांगायचं तर कोयनेचं धरण काठोकाठ भरल्यावर १०५ टीएमसी पाणी साठतं. सुपीरियरमध्ये तशा सुमारे चार हजार कोयना मावतील. काठावरून पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटांचा आवाजही समुद्राचाच, फक्त खारा वास नाही.

आणि फिरता फिरता कळत जातं, की इथे रस्ता उपरा आहे. शतकानुशतकं ये-जा पाण्यावरूनच झाली. बंदरं, खाणी, दीपगृहं सगळ्यांची तोंडं पाण्याकडे; गाडीवाला त्यांना मागच्या दाराने भेटतो.

मी कॅनडातल्या सू सेंट मरीहून पूल ओलांडून मिशिगनमध्ये शिरले. (फेरीत सीमा दोनदा ओलांडावी लागते. भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसा हवेत.) पुलाखालीच सू लॉक्स. सुपीरियरचं पाणी इथे खालच्या सरोवरांकडे जाताना सुमारे साडेसहा मीटर उतरतं. पूर्वी होड्या आणि माल खेचत खळाळाच्या कडेने न्यावा लागे; १८५५मध्ये कालवा आणि दरवाजे झाले. हौदात जहाज घ्यायचं, दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पंप लागत नाही, चढ-उताराचं सगळं काम गुरुत्वाकर्षणच करतं. तीनशे मीटर लांबीचं धूड लिफ्टमध्ये शिरल्यासारखं हळूच वर येताना पाहिलं आणि माझं पुढचं वेळापत्रक कोलमडलं. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

व्हाइटफिश पॉइंटला मात्र थट्टेचा सूर उरत नाही. इथल्या संग्रहालयात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ या मालवाहू जहाजाची घंटा आहे. १० नोव्हेंबर १९७५च्या वादळात लोहखनिजाने भरलेलं हे २२२ मीटर लांबीचं जहाज व्हाइटफिश उपसागराच्या तोंडाशी बुडालं. २९ जण होते. एकही वाचला नाही, एकाचाही देह हाती लागला नाही. तळाचं पाणी इतकं थंड, की देह कुजवून वर आणणारे जिवाणू तिथे नीट वाढतच नाहीत. १९९५मध्ये घंटा वर काढली, तेव्हा तिच्या जागी खलाशांची नावं कोरलेली दुसरी घंटा बसवून आले.

पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे सुंदर आहेत, पण तेही बोटीतूनच नीट दिसतात. पुढे किविनॉचा तांब्याचा पट्टा. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांची पेस्टी इथे अजून मिळते. मांस, बटाटा आणि कंद भरून भाजलेली. एकट्या प्रवाशाला तर सोयीचीच, एका हातात मावते.

डुलुथ हे पश्चिम टोकाचं बंदर, समुद्रापासून सुमारे ३,७०० किलोमीटर आत. तरी इथे परदेशी जहाजं येतात. इथले लोक समुद्रावरून येणाऱ्यांना ‘सॉल्टी’ म्हणतात आणि सरोवरांतच फिरणाऱ्यांना ‘लेकर’. जहाज आलं की उचलपूल वर जातो, आणि काठावर गर्दी जमते.

इथून उत्तरेला वळल्यावर स्प्लिट रॉकचं दीपगृह लागतं. १९०५च्या नोव्हेंबरमधल्या वादळात बरीच जहाजं फुटली, म्हणून १९१०मध्ये ते उभं राहिलं. आज तिथे पार्किंगपासून चालत जातात. बांधकामाच्या वेळी मात्र रस्ताच नव्हता. वीट न् वीट बोटीने आली आणि क्रेनने कड्यावर चढवली गेली.

पुन्हा कॅनडात शिरल्यावर थंडर बे शहराच्या पुढे, म्हणजे टेरी फॉक्सच्या स्मारकानंतर, खरी कसोटी. कर्करोगाने एक पाय गेलेला हा तरुण संशोधनासाठी निधी गोळा करत कॅनडा ओलांडायला धावत निघाला होता. याच महामार्गाने उलट दिशेने येऊन, ५,३७३ किलोमीटरनंतर, १ सप्टेंबर १९८० रोजी तो थंडर बेजवळ थांबला. या महामार्गाचे चढ-उतार गाडीच्या इंजिनलाही जाणवतात. मोबाइलची रेंज तासन्‌तास नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरावी आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. मूस हा प्राणी घोड्याहून उंच. गाडीची धडक त्याच्या लांब पायांना बसते आणि धड काचेवर येतं.

पुढच्या वावा गावाजवळचा रस्ता पूर्ण झाला तो १९६०मध्ये. त्याआधी गाडीने सरोवराची फेरी करताच येत नसे. १९५९मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला होऊन समुद्रातली मोठी जहाजं इथवर आली, आणि मोटारींना मात्र आणखी वर्षभर थांबावं लागलं! महामार्ग गावाला वळसा घालून गेला, तेव्हा गिऱ्हाईक निघून जाऊ नये म्हणून वावाकरांनी फाट्यावर अवाढव्य रानहंसाचा पुतळा उभारला. युक्ती अजून चालते, मीही थांबले.

वावाच्या दक्षिणेला अगावा रॉक आहे. ओजिब्वे लोकांनी लाल गेरूने काढलेली चित्रं तिथे थेट पाण्यावरच्या कड्यावर आहेत: होड्या, आणि शिंगं असलेला, पाठीवर काटे असलेला जलदेव मिशिपेशू. चित्रांचं तोंड सरोवराकडे, म्हणजे होडीतून येणाऱ्याकडे. रस्त्याने आलेल्याला आधी खडकांतून खाली उतरावं लागतं, मग पाण्यालगतच्या ओल्या, कललेल्या कपारीवर पाय ठेवून मान मागे वळवावी लागते. लाटा असतील तर तिकडे जाऊ नये. त्यामुळे वावाहून निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघावा आणि तो बरा नसेल तर सरळ एक मुक्काम वाढवावा.