आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद

खाणीत बार उडाला आणि कानठळ्या बसल्या की बघायला आलेले पाहुणे खूश होतात. ब्लास्टरचा चेहरा मात्र तेव्हा उतरलेला असतो. खडक फोडायला दिलेली ताकद हवेत गेली, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. चांगला बार बघायला तसा कंटाळवाणाच. जमीन थोडी फुगते, पुढे सरकते आणि बसते. धूळ खाली आली की समोर शॉवेलच्या बकेटमध्ये मावतील अशा ढेकळांचा ढीग दिसतो. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि काम नीट झालेलं असतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या खुल्या कोळसा खाणींत माझी नोकरी गेली. पाळीवर देखरेख करणारा सरदार म्हणून लागलो, त्याच्या वरचा ओव्हरमन झालो आणि पुढे ब्लास्टिंगमध्येच रमलो. आता घरी असतो, तर ओळखीपाळखीची मुलं येऊन विचारतात, "काका, ब्लास्टिंगमध्ये स्कोप आहे का?" स्कोप आहे. पण आधी हे काम काय असतं ते ऐकून घ्या, असं मी त्यांना सांगतो.

वर्धा खोऱ्यात वर काळी माती, तिच्याखाली वालुकाश्म आणि त्याखाली कोळसा. कोळशावरच्या या सगळ्या थराला खाणीत ओबी म्हणतात. कोळशापर्यंत जायचं तर ती पायऱ्यापायऱ्यांनी काढावी लागते. एका पायरीला, म्हणजे बेंचला, ड्रिल मशीन दहा-बारा मीटर खोल छिद्रं पाडतं. व्यास कुठे १६० मिलिमीटर, कुठे २५०. छिद्रापासून बेंचच्या मोकळ्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे बर्डन, आणि शेजारच्या छिद्रापर्यंतचं अंतर म्हणजे स्पेसिंग. ब्लास्टरची अर्धी अक्कल या दोन मापांत असते. बर्डन जास्त झालं तर ताकद पुढे जाऊ शकत नाही, वर उसळते. कमी झालं तर दगड लांब फेकला जातो. त्या उडालेल्या दगडाला आम्ही फ्लाय रॉक म्हणतो, आणि खुल्या खाणीत ब्लास्टरला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते.

मी लागलो तेव्हा जिलेटिनच्या कांड्या असायच्या. त्यातल्या नायट्रोग्लिसरीननं दिवसभर डोकं ठणकायचं. ती जात आपल्या देशात २००४ पासून बंद झाली. आता मोठ्या खाणीत इमल्शनचा टँकर थेट बेंचवर येतो. त्यातला पातळ, चिकट माल टँकरमध्ये असेपर्यंत स्फोटक नसतो. छिद्रात सोडताना त्यात रसायन मिसळतं, मग बारीक बुडबुडे धरतात आणि थोड्या वेळानं तो बारूद होतो. पावसाळ्यात छिद्रं पाण्यानं भरलेली असतात. डिझेलमध्ये भिजवलेलं अमोनियम नायट्रेट तिथे विरघळून जायचं, इमल्शन टिकतं. तळाशी पहिला धक्का देणारा बूस्टर, त्यावर माल आणि सगळ्यात वर ड्रिलिंगच्याच भुकटीची ठासणी, म्हणजे स्टेमिंग. नव्या पोरांना ठासणी हे मजुराचं काम वाटतं. पण ती आखूड किंवा सैल राहिली की सगळा जोर छिद्राच्या तोंडातून बाहेर पडतो, आणि तोच तो पाहुण्यांना आवडणारा आवाज.

सगळी छिद्रं एकदम उडतात, हा आणखी एक गैरसमज. पंगतीत पहिली ओळ उठल्याशिवाय मागच्यांना जागा होत नाही, तसंच इथे आहे. पुढची रांग सुटून मोकळी झाली की मागच्या रांगेला सरकायला तोंड मिळतं. म्हणून दोन छिद्रांमध्ये १७, २५, ४२ मिलिसेकंद असं अंतर ठेवतात. माणसाच्या कानाला तो एकच बार वाटतो, खडकाला मात्र एकामागून एक धक्के बसतात. पूर्वी हे विजेच्या डिटोनेटरवर चालायचं. आभाळ भरून आलं की जीव टांगणीला लागायचा, कारण वीज पडली किंवा कुठून भटका करंट आला तर बार आपोआप उडू शकतो. मग प्लास्टिकच्या बारीक नळीतून धक्क्याची लाट नेणारे नोनेल आले. ती लाट सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर धावते. आता इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर आहेत, त्यांत प्रत्येक छिद्राची वेळ वेगळी भरता येते. १ एप्रिल २०२५ पासून तर इलेक्ट्रिक डिटोनेटरवर देशात बंदीच आली. तरीही ढग गडगडले की भरलेलं बेंच रिकामं करायचं, हा नियम कायम आहे.

बटण दाबायला क्षणभर लागतो. त्याआधीचा वेळ माणसं हलवण्यात जातो. खुल्या खाणीत ५०० मीटरचा धोक्याचा पट्टा रिकामा करायचा असतो. शॉवेल, डंपर मागे न्यायचे, वाटांवर लाल झेंडे घेऊन गार्ड उभे करायचे, भोंगा द्यायचा. त्यात कुठून तरी एखादा गुराखी म्हैस शोधत येतो. वायरलेसवर प्रत्येक गार्डकडून "क्लिअर" आल्याशिवाय काहीही करायचं नाही. वरून प्रॉडक्शनसाठी फोनवर फोन येत असतात, तरी "थांबा" म्हणता आलं पाहिजे. जो हे म्हणू शकत नाही, त्याच्या हाती बार उडवायचं यंत्र, म्हणजे एक्सप्लोडर, देऊ नये.

बार झाल्यावरही लगेच कोणी पुढे जायचं नसतं. धूर, धूळ बसू द्यायची, मग ब्लास्टरनं आधी स्वतः जाऊन बघायचं. एखादं छिद्र उडालं नसेल तर तो मिसफायर. ती जागा कुंपण घालून बंद करायची आणि मिसफायर निकाली निघेपर्यंत दुसरं काम तिथे नाही. जुन्या छिद्राच्या उरलेल्या बुडात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. काही खाणींत कोळशाला आतून आग असते. तिथे आधी छिद्राचं तापमान मोजतात. ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर बारूद भरायची नाही. भूमिगत खाणीत मिथेनचा धोका असतो, म्हणून तिथे ज्वाला आखूड आणि कमी तापाची राहील अशीच मंजूर स्फोटकं चालतात.

खाणीच्या कडेला गाव असतं, हे पुस्तकात दोन ओळींत येतं. नोकरीत ते रोज भेटतं. एकदा एक म्हातारी गेटवर येऊन बसली. "साहेब, तुमच्या बारानं माही भित चिरली." पुढच्या बाराला तिच्या अंगणात कंपनं मोजायचं यंत्र ठेवलं. आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, याच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार साध्या घरांसाठी सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर अशी मर्यादा आहे, कंपनांच्या वारंवारतेनुसार ती ठरते. जुन्या ऐतिहासिक वास्तूंसाठी ती २ पासून सुरू होते. पण आजीला आकडा काय सांगणार? तिची भांडी वाजत होती, ते खरंच होतं. भांडी आणि खिडक्या वाजतात त्या बहुतेक हवेतल्या लाटेनं. ढगाळ दिवशी, थंडीतल्या सकाळी तो आवाज लांबवर जातो. म्हणून बार दुपारी घ्यायचा, एका वेळी फुटणारा माल कमी करायचा आणि ठासणी नीट करायची. तसं केल्यावर आजी यायची थांबली नाही, पण भांडण थांबलं.

पाडकाम ही याच विद्येची दुसरी वाट. तिथे इमारत उडवायची नसते, तिचे खांब ठरलेल्या क्रमानं कापायचे असतात. बाकीचं काम तिचं वजनच करतं. नोएडाचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ ला सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी नऊएक सेकंदांत बसले. मुंबईच्याच एका कंपनीनं दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांसोबत ते काम केलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर पुण्याचा चांदणी चौकातला पूल पाडला, तेव्हा पुलाचा बराचसा सांगाडा तसाच उभा राहिला. आतलं लोखंड अंदाजापेक्षा दणकट निघालं आणि उरलेलं काम पोकलेननं केलं. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण माणसं सुरक्षित होती. आपल्याकडची अभिमानाची गोष्ट कोयनेची. धरण रिकामं न करता, बोगद्याच्या टोकाशी राखलेला खडकाचा शेवटचा थर उडवून तलावाचं पाणी आत घेतलं, १३ मार्च १९९९ ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला. तिथे दुसरी संधी नव्हती.

आता वाट कशी, ते सांगतो. मायनिंगचा डिप्लोमा नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात होतो, पदवीसाठी नागपूरचं व्हीएनआयटी आणि धनबादची आयआयटी आहे. कोळसा खाणीत बार घ्यायचा तर डीजीएमएसचं शॉटफायरर, सरदार, ओव्हरमन किंवा मॅनेजर यांपैकी एक प्रमाणपत्र हवं. सरदारकीला प्रथमोपचार आणि गॅस तपासणीचे दाखलेही लागतात. खाणीबाहेर रस्ता, बोगदा, विहीर अशा कामांसाठी शॉटफायररचा परवाना पेसो देतं. ही स्फोटकांची केंद्रीय संस्था १८९८ पासूनची, आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून मुलींनाही अटींवर भूमिगत खाणीत आणि खुल्या खाणीच्या रात्रपाळीत काम करता येतं. परीक्षेत नियम विचारतात. ते पाठ करणारे पास होतात, पण त्या नियमांमागे कोणाचा तरी जीव गेलेला आहे हे ज्यांना कळतं, ते टिकतात.

धोका नाही असं मी कोणालाही सांगत नाही. तो फक्त खाणीतच असतो असंही नाही. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया होत्या. घरी विचारतील तेव्हा मुलांनी ही गोष्ट लपवू नये.

धाडसाची हौस असलेल्या मुलानं या धंद्यात येऊ नये. जो तीनदा मोजतो, वहीत लिहून ठेवतो आणि साहेबालाही थांबवतो, त्यानं जरूर यावं. त्याला काम कमी पडणार नाही. आणि शेतकऱ्यांना एक विनंती: विहिरीवर बार घ्यायचा असेल तर आधी त्या माणसाचा परवाना बघा. शेतात, खाणीकडेला रंगीत वायर किंवा चकचकीत नळी दिसली तर पोरांना हात लावू देऊ नका, पोलिसांना कळवा.