दाढीचा आरसा आणि लाकडाची चाल

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की पालीचा बिंदुसरा तलाव मागे पडतो आणि घाट चढून आपण मांजरसुंब्याला पोहोचतो. धुळे-सोलापूर महामार्गाला येथेच पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता छेदतो. बालाघाटच्या या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी हवा ओलसर असते, तर एप्रिल-मे महिन्यांत ती इतकी कोरडी होते की ओला टॉवेल अर्ध्या तासात वाळतो. हवेतील हा फरक आम्हाला वर्षानुवर्षे ठाऊक होता. त्याचा हिशेब मात्र आम्ही केला नव्हता आणि त्याची किंमत एका लाकडी आरशाला मोजावी लागली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना पक्षाघात झाला. डाव्या हातात जोर राहिला नाही. बाकी सगळ्याला ते तयार होते, पण दाढी दुसऱ्याने करावी हे त्यांना मान्य नव्हते. भिंतीवरचा आरसा उभ्याने पाहण्याचा. त्यांना तर बसूनच दाढी करावी लागणार. बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा आरसा एका हाताने वळवायला गेले की सगळाच सरकायचा. तेव्हा माळ्यावर पडलेल्या आजोबांच्या मोडक्या आरशाची आठवण झाली. खाली एक फळी, तिच्यावर दोन खांब, खांबांच्या मधे फिरणारा आरसा आणि पुढे ब्रश व वस्तरा ठेवण्याची जागा. तसाच नवा घरी करायचे ठरले.

ही वस्तू आपल्याकडे फार जुनी नाही. गावगाड्यात दाढी करणे हे बलुतेदाराचे काम होते. तो धोकटी घेऊन दारी येई आणि सुगीला धान्य घेई. घरात आरसा असे तो स्त्रियांच्या फणेरपेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूस बसवलेला. १९०४ साली किंग कँप जिलेट यांना पात्याच्या वस्तऱ्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. असे वस्तरे हळूहळू आपल्याकडे पोहोचले आणि नोकरदार माणसे स्वतःची दाढी स्वतः करू लागली. फणेरपेटीच्या झाकणाने जे काम केले, तेच या दोन खांबांनी केले: बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर आरसा तिरपा धरून ठेवणे.

आरसा केवढा घ्यावा? येथे बहुतेक जण चुकतात. वर्गात विचारून पाहावे. ‘चेहऱ्याएवढा’ किंवा ‘लांब बसले तर लहानही चालेल’ अशी उत्तरे येतात. प्रत्यक्षात सपाट आरशाची उंची चेहऱ्याच्या निम्मी असली की पुरते आणि अंतराचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपली प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते. म्हणून डोळ्यापासून प्रतिमेच्या हनुवटीपर्यंत काढलेली रेषा आरशाला बरोबर अर्ध्या वाटेवर छेदते. चेहरा २४ सेंमी असेल तर १२ सेंमी आरसा हवा. हे पटवण्यासाठी आरशावर वरून आणि खालून कागद चिकटवत जावे. फक्त चेहरा दिसेल एवढी पट्टी उघडी राहिली, की विद्यार्थ्याला चार पावले मागे जायला सांगावे. त्याला चेहरा तेवढाच दिसतो! पुष्कळ शिक्षकांनाही हे पहिल्यांदा खरे वाटत नाही. दाढी करताना गळाही दिसायला हवा आणि डोकेही हलते, म्हणून आम्ही २० सेंमी उंच व १५ सेंमी रुंद आरसा घेतला.

आता तिरपेपणा. स्टुलावर ठेवलेल्या आरशाचा मध्य वडिलांच्या डोळ्यांपेक्षा १५ सेंमी खाली येत होता आणि ते ४० सेंमी अंतरावर बसत. या मापांवरून आरसा उभ्या रेषेपासून सुमारे २० अंश मागे कलवावा लागतो. शिवाय आरसा १ अंश फिरला की परावर्तित किरण २ अंश फिरतो. म्हणजे आरसा थोडासा घसरला तरी चेहरा हातचा जातो. म्हणून खिळ कोठे बसवायची हे महत्त्वाचे. खिळ गुरुत्वमध्याच्या बरीच वर असेल तर आरसा पुन्हा उभा लोंबकळतो, खाली असेल तर उलटतो. नेमकी गुरुत्वमध्यातून गेली तर तो ठेवाल तसा राहतो आणि घर्षणाला फारसे काम उरत नाही. गुरुत्वमध्य शोधण्यास गणित नको. चौकटीत आरसा बसवून ती पट्टीच्या धारेवर आडवी तोलावी आणि जेथे तोल साधेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. उरलेल्या फरकासाठी आम्ही खांब व चौकट यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. दोन्ही बाजूंना बोल्ट आणि चाकी. एका बोटाने आरसा वळतो, बोट काढले की थांबतो.

लाकूड मिळाले ते माळवदाच्या उतरवलेल्या तुळयांतून. जुने सागवान, रंधा मारताच आतून सोन्यासारखे निघाले. सप्टेंबरात काम झाले. तळाची फळी १८ सेंमी रुंद होती. ती वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या सरस लावून, वर खिळे मारून पक्क्या केल्या. गावातील सुतारमामांनी पाहिले आणि ‘लई आवळलंय तुम्ही,’ एवढेच म्हणाले. आम्ही ते मनावर घेतले नाही. लाकूड साठ-सत्तर वर्षे वाळलेले, आता ते काय हलणार!

मे महिन्यात फळी मधोमध तडकली.

जुने लाकूड हलत नाही, ही समजूत आमच्यासारख्या विज्ञान शिकलेल्यांचीही असते. लाकडाच्या पेशींच्या भित्ती हवेतील बाष्प घेतात आणि सोडतात. लाकूड कितीही जुने असो, हा व्यवहार चालूच राहतो. ओलावा घटला की या भित्ती आकसतात, पण सर्व दिशांना सारख्या नाही. धाग्याच्या लांबीत आकुंचन नगण्य असते. आडव्या दिशेत ते बरेच असते आणि त्यातही वाढीच्या वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेत, त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुपटीने. सागवान हे कमी हलणारे लाकूड म्हणून प्रसिद्ध. तरी त्याच्या ओलाव्यात १ टक्क्याचा फरक पडला की स्पर्शदिशेत रुंदी सुमारे ०.२ टक्क्याने बदलते. आपल्याकडे सप्टेंबरात लाकडात १४ टक्के ओलावा आणि मेमध्ये ७ टक्के धरला, तर १८ सेंमीची फळी जवळजवळ अडीच मिलिमीटर आकसणार. खालच्या पट्ट्यांचे धागे मात्र आडवे, त्यांची लांबी बदलत नाही. फळीला आकसायचे आहे आणि पट्टी सोडत नाही. मग फळी फाटते. सुतारमामांचे ‘आवळलंय’ ते हेच.

जुन्या वाड्यांची दारे पाहावीत. चौकटीच्या खाचेत मधली फळी मोकळी बसवलेली असते. तिला सरस नाही, खिळा नाही. ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि दार जागचे हलत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही पट्ट्या स्क्रूने लावल्या. मधला स्क्रू पक्का, कडेच्या स्क्रूंची भोके कानशीने लांबट केलेली. फळीला सरकायला वाट मिळाली. खांब फळीत कुसू आणि खाच करून बसवले. या सांध्याच्या मापात घाई करू नये. कुसू हाताच्या दाबाने आत जावा. हातोड्याने ठोकावा लागला तर खाच फाटते आणि आपोआप गळून पडत असेल तर सरसही त्याला वाचवू शकत नाही.

पहिल्या आरशाचा आणखी एक दोष वडिलांनी दाखवला होता. ‘अरे, हात लावला की हे मागं पडतंय.’ ब्रशासाठी पुढे जागा हवी म्हणून खांब मागच्या कडेला नेले होते. एकूण वजन १.४ किलो आणि गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून जेमतेम ५ सेंमीवर. मग ३२ सेंमी उंचीवर किती जोर लावला की ते उलटेल? १.४ ला ५ ने गुणून ३२ ने भागले की सुमारे २२० ग्रॅम येतात. थरथरत्या हाताला एवढे सहज होते. नव्या खेपेला तळाला ३ सेंमी जाडीची बाभळीची फळी घेतली. आपल्या भागात औतासाठी वापरतात ती बाभूळ सागापेक्षा जड. खांब फळीच्या मधोमध आणले. वजन २ किलो, कडेपासून अंतर ९ सेंमी. आता साडेपाचशे ग्रॅमांहून अधिक जोर लागतो. पकड राहावी म्हणून तळाला ट्यूबचेच तुकडे चिकटवले.

दाढीचे पाणी लाकडावर सांडणारच. त्यासाठी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक दोन हातांमध्ये दोन दिवस सोडून. जवसाचे तेल ‘वाळते’ म्हणजे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे जाळे तयार होते. करडईचे तेलही असेच वाळते, पण त्याला वेळ लागतो. मात्र हा लेप बाष्पाला पूर्ण अडवत नाही, केवळ त्याचा वेग कमी करतो. एक धोका मुलांना आधीच सांगावा: तेल पुसलेली चिंधी बोळा करून टाकू नये. ऑक्सिजनशी होणाऱ्या संयोगात उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. चिंधी दोरीवर पसरून वाळवावी.

नव्या फळीखाली, पट्टीच्या टोकाशी आम्ही पेन्सिलीची एक बारीक रेघ मारून ठेवली आहे. सप्टेंबरात ती फळीच्या कडेला लागून होती. मेमध्ये पाहिली तेव्हा कड दीड मिलिमीटर आत सरकलेली होती. फळी शाबूत आहे. कोणत्याही शाळेत एखाद्या रुंद फळीवर अशी रेघ मारून दर महिन्याला मोजता येईल. सोबत ओल्या-कोरड्या तापमापकाची नोंद ठेवली तर आलेखही काढता येईल.

वडील रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून बसतात, म्हणजे उजेड आरशावर न पडता चेहऱ्यावर पडतो. त्यांची एकच तक्रार आहे. आजोबांच्या आरशाची नक्कल करताना ब्रशाचे भोक आम्ही डावीकडे पाडले. ते आता उजवीकडे पाडायचे आहे.