धुऱ्यावर काय लावावें?

यवतमाळ जिल्ह्यांत ज्यांच्या घरीं बरीचशी जमीन आहे, त्यांच्या माजघरांत वैशाख सरत आला कीं एक विषय हटकून निघतो: यंदा धुऱ्यावर काय लावावयाचें? थोरल्यांस साग हवा असतो, कारण सागांत पैसा दिसतो. धाकट्यांस लवकर वाढणारें कांहीं तरी हवें असतें. घरांतील बायकांस मात्र कोणी विचारीत नाहीं. वास्तविक जळण, करवंदांचें लोणचें आणि रस्त्यावरून थेट अंगणांत येणारी परकी नजर, या सर्वांशीं संबंध त्यांचाच अधिक.

आमच्या घरची हकीकत सांगतों. १९८० च्या सुमारास सुबाभळीचा मोठा गाजावाजा झाला, तेव्हां आमच्या वडिलांनीं उत्तरेच्या धुऱ्यावर तिची एक ओळ लाविली. थोड्याच वर्षांत झाडें दोन पुरुष उंच झालीं व घरांत कौतुकाला पूर आला. परंतु शेंगा तडकून बी पलीकडे चुलतभावाच्या कपाशींत पडूं लागलें आणि दर पावसाळ्यांत तेथें रोपांचें रान माजूं लागलें. शिवाय दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणजे उत्तरेच्या धुऱ्यावरील झाडांची सावली सारा हिवाळा पलीकडच्याच पिकावर. झाडें आमचीं, आणि त्रास सगळा त्याचा! दोन घरांचें येणेंजाणें बंद झालें, तें पांच वर्षें. सुबाभळीला मी दोष देत नाहीं. चाऱ्याला ती उत्तमच. चूक आमची, कीं तिकडच्या घरीं एका शब्दानें विचारलें नाहीं.

जलद वाढीचा मोह जुनाच आहे. निवडुंगाचें कुंपण एके काळीं असेंच सोयीचें वाटलें. पान मातींत खोंचलें कीं काम झालें. मग तो गायरानांत, ओढ्याकांठीं, शेतांत इतका पसरला कीं त्यास मारण्यासाठीं १९२६ सालीं सिंहलद्वीपाहून एक पांढरा कापसाळ किडा दक्षिण हिंदुस्थानांत आणावा लागला. त्या किड्यानें निवडुंगाचीं रानेंच्या रानें बसविलीं.

याच्या उलट उदाहरण इंग्रजी अमदानींतील जकातीच्या कुंपणाचें. मिठाची चोरटी ने-आण थांबावी म्हणून सरकारनें पंजाबापासून थेट आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीं बऱ्हाणपुरापर्यंत कांटेरी झाडांची एक अफाट भिंत उभारली होती. पुढें काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब १८६७ ते १८७० पर्यंत त्या खात्याचे मुख्य होते. हेतु कितीहि जुलमी असो, त्यांची रीत घेण्यासारखी आहे. सगळीकडे एकच झाड न लावितां जशी जमीन व जसा पाऊस, तसें बोर, बाभूळ, करवंद किंवा थोर त्यांनीं निवडलें. जेथें माती हलकी तेथें चर खणून चांगली माती भरली. १८७९ त ती जकातरेषा मोडली, तें चांगलेंच झालें.

आतां आपल्या जमिनीविषयीं. काळी कसदार माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते. तींत बाभूळ आणि हिवर हीं घरचींच झाडें. करवंदाला मात्र तें पाणी सोसत नाहीं. त्याला मुरमाड उतार द्यावा. घराजवळ मेंदी लावावी. ती कातरून हवी तशी ठेवितां येते. शेर सहज येतो व गुरें त्याला तोंड लावीत नाहींत, पण त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास भारी, म्हणून जेथें मुलें खेळतात तेथें तो नको. पश्चिमेच्या बाजूस, जिकडून चैत्र-वैशाखांत झळा येतात, कडुनिंब व करंज यांस तोड नाहीं. साग तेथें निरुपयोगी, कारण ऐन उन्हाळ्यांतच तो उघडाबोडका होतो. शिवाय स्वतःच्या शेतांतला साग तोडावयासहि परवानगी लागते. वेळवाचें तसें नाहीं. २०१७ च्या दुरुस्तीनें जंगलाबाहेरील वेळू कायद्याच्या ‘झाडां’तून वगळला गेला आहे. मात्र त्याचीं मुळें खादाड. पिकापासून तो दूरच बरा.

कोणी म्हणेल, रोही आणि रानडुकरें यांपुढें झाडाचें कुंपण काय टिकणार? रोही उडी मारतो, हें खरें. पण दाट बुंध्याच्या कांटेरी कुंपणांतून डुकराला सहज वाट मिळत नाहीं. तारेंत वीज सोडण्याचा अघोरी उपाय विदर्भांत कित्येकांनीं केला. त्यांत वाघ मेले, माणसेंहि मेलीं.

बहुतेक कुंपणें फसतात तीं बुंध्याशीं विरळ राहिल्यामुळें, आणि तसें होतें कोयता चालविण्याची हिंमत न झाल्यामुळें. मृगापूर्वीं दोन फूट रुंद चर खणून त्यांत शेणखत घालावें. पहिल्या चांगल्या पावसावर फूटभर अंतरानें दोन ओळी पेराव्या, व त्या अशा, कीं एका ओळींतील रोप दुसरींतील दोन रोपांच्या मधोमध यावें. दुसऱ्या वर्षीं झाडें कमरेएवढीं झालीं कीं मन घट्ट करून गुडघ्याशीं छाटावीं. घरांतील म्हातारीं माणसें हळहळतील, हळहळूं द्यावें. बाभळीचें बी बाजारांतून आणण्याचेंहि कारण नाहीं. शेळ्या शेंगा खातात व त्यांच्या पोटांतून आलेलें बी लवकर रुजतें. तेव्हां ज्याच्याकडे शेळ्या असतील त्याच्या वाड्यांतून दोन टोपल्या लेंड्या मागून घ्याव्या. यंदा आम्हीं त्या आणिल्या चुलतभावाकडूनच.