शिंजीर आणि आंब्यावरील बांडगूळ

सिल्लोडाहून अजिंठ्याच्या डोंगरांकडे जातांना माघ-फाल्गुनांत पळस फुललेले दिसतात. त्या केशरी फुलांवर अंगठ्याएवढा एक काळा पक्षी उलटासुलटा लोंबकळत असतो. ऊन पडतांच त्याचें काळेपण लोपून निळी-जांभळी झळाळी उठते. हाच जांभळा शिंजीर. लांबी सुमारें १० सेंटिमीटर. मादी वरून तपकिरी, खालून पिवळसर. आणि वीण संपली कीं नरहि आपलीं राजवस्त्रें उतरवून तिच्यासारखाच साधा होतो, गळ्यापासून उतरणारी एक काळी पट्टी तेवढी राखतो.

पुष्कळ सुशिक्षित लोक यास 'हमिंगबर्ड' म्हणतात. तें बरोबर नव्हे. हमिंगबर्ड केवळ अमेरिकेंत आढळतात व हवेंत स्थिर राहून मध पितात. शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच पितो. याचा लाल गळ्याचा एक भाऊबंद मात्र सह्याद्रीखेरीज जगांत कोठेंच नाहीं. त्याचें शास्त्रीय वर्णन साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें १८३२ मध्यें केलें.

शिंजीर मध पितो, म्हणून तो निरुपद्रवी, असें मानण्याची रीत आहे. आंब्याच्या बागवानास विचारावें! आंब्यावर वाढणारें बांडगूळ फांदींत मुळें रोवून झाडाचें पाणी शोषतें. त्याच्या नळीसारख्या फुलांत शिंजीर चोंच घालतो, तेव्हां पराग त्याच्या डोक्यास लागतात व पुढील फुलावर पोंचतात. फळ धरलें कीं दुसरा कारभारी येतो. फुलटोच्या हा त्याहूनहि चिमुकला पक्षी तें फळ गिळतो. चिकट बी विष्ठेवाटे बाहेर पडतें, तें तो फांदीस पुसतो, आणि तेथेंच नवें बांडगूळ रुजतें. एकानें लग्न लावावें, दुसऱ्यानें बिऱ्हाड थाटून द्यावें, भाडें मात्र आंब्यानें भरावें, असा हा व्यवहार आहे! सलीम अली यांनीं कोंकणांत याचें निरीक्षण करून १९३० नंतरच्या वर्षांत त्यावर लेख लिहिले.

तरीहि शिंजिराला मारणें हा उपाय नव्हे. पिलांना तो किडे व कोळी भरवितो, आणि पळसापांगाऱ्याचीं फुलेंहि त्याचीच वाट पाहतात. बांडगूळ नुसतें खुडूनहि भागत नाहीं, कारण मुळें फांदीच्या आंत उरतात. फांदी जोडाच्या बरीच खालीं कापावी लागते, तीहि फळें पिकण्यापूर्वीं. एरवीं फुलटोच्याचें काम होऊन गेलेलें असतें.