ट्यूब गेली, असे म्हणण्याआधी

हॉलमध्ये भिंतीवरचा पातळ टीव्ही आला की जुना, पेटीसारखा टीव्ही दादीच्या खोलीत जातो. त्यांना तो सवयीचा असतो. रमजानमध्ये मक्केहून येणारी तरावीह त्या त्याच्यावरच पाहतात. मग एके दिवशी चित्र धुरकट होते, मेकॅनिक उभ्या उभ्या ‘पिक्चर ट्यूब गेली’ म्हणतो आणि टीव्ही भंगारात जातो. हा निकाल मान्य करण्याआधी घरच्यांनी दहा मिनिटे तपासणी करावी, असे आम्हाला वाटते. त्यासाठी काही उघडावे लागत नाही.

टीव्हीच्या रिमोटने (सेट-टॉप बॉक्सच्या नव्हे) मेनू उघडा. ती अक्षरे टीव्ही स्वतः काढतो, ती तारेतून येत नाहीत. अक्षरे रेखीव आणि कार्यक्रमाचे चित्र मात्र खराब, असे असेल तर ट्यूब बहुधा ठीक आहे. दोष बॉक्समध्ये, तारेत किंवा डिशमध्ये शोधा. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील तर सिग्नल कमजोर आहे. तो दोष ट्यूबचा असूच शकत नाही. मुंग्या दिसत असतील आणि बॉक्स अँटेनाच्या तारेने जोडलेला असेल, तर त्याऐवजी पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची तार लावून पाहा. चित्र पिवळ्या पिनेतून येते. कोकणात किनाऱ्यावरच्या घरांत खाऱ्या हवेने या पिना काळ्या पडतात. टीव्ही बंद करून कोरड्या फडक्याने पुसल्या तरी फरक पडतो.

माणसे उंच, किडकिडीत दिसत असतील, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार १६:९ ऐवजी ४:३ करा. आखाती देशांतून कुणी आणलेला सेट असेल आणि रंग अचानक गेले असतील, तर मेनूतील कलर सिस्टीम पाहा. आपल्याकडे ती पाल किंवा ऑटो हवी. पोरांच्या हाती रिमोट गेला की हे हमखास होते!

कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला तर शेजारी स्पीकर ठेवला आहे का ते बघा. त्यातल्या लोहचुंबकाने रंग सरकतात. स्पीकर दूर करून टीव्ही अर्धा तास मेन स्विचवरून बंद ठेवा. थंड झालेला सेट पुन्हा सुरू होताना आतली कॉइल हा परिणाम पुसते. दोन-तीनदा असे करावे लागते.

मेनूची अक्षरेही पुसट असतील तर दोष आतला. पण तोही नेहमी ट्यूबचा नसतो. पावसाळ्यात सुरुवातीला धूसर आणि गरम झाल्यावर स्वच्छ दिसणारे चित्र ट्यूबच्या सॉकेटमधील ओलाव्यामुळेही तसे दिसते, आणि सॉकेट बदलता येते. पडद्यावर एकच आडवी रेघ उरली तर टीव्ही लगेच बंद करावा, नाहीतर त्या जागी पडदा जळतो. हा दोष व्हर्टिकल सेक्शनचा; दुरुस्ती सहसा स्वस्तात होते. मात्र चित्र अंधारे, उजळायला बराच वेळ लागतो, उजेड वाढवला की पांढरे भाग फासटतात आणि हे महिनोन्‌महिने वाढतच गेले आहे, असे असेल तर ट्यूब खरोखर थकली आहे. तेव्हा खर्च करू नये.

मागचे झाकण घरच्या कुणीही उघडू नये. रंगीत ट्यूबला सुमारे २५ हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यातली वीज आत साठून राहते. चुर्र आवाज किंवा निळी ठिणगी दिसली तर बटण बंद करून जाणत्या मेकॅनिकलाच बोलवावे. टीव्ही टाकायचाच ठरला तर काच फोडून तांबे काढणाऱ्याला देऊ नये. त्या काचेत शिसे असते आणि आत निर्वात पोकळी असल्याने ट्यूब फुटताना तुकडे उडतात. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पेटी अखंडच द्यावी.